बेस गिटारचा ॲम्प्लिफायर : थोड्या भांडवलात निवड कशी करावी?

लग्नसराई सुरू झाली की धाराशिव जिल्ह्यातील बँड पथके, बँजो पार्ट्या, ऑर्केस्ट्रावाले आणि साउंड सर्व्हिसवाले यांना उसंत मिळत नाही. हळदी, वराती, गावोगावच्या जत्रा, उरुसातला संदल, रात्रीची कव्वाली अशा कार्यक्रमांवर परंड्यापासून उमरग्यापर्यंत कितीतरी घरांची चूल पेटते. या धंद्यात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आहेत. कोणी वाजवतो, कोणी सामान भाड्याने देतो, कोणी दुरुस्तीचे दुकान चालवतो, तर कोणी स्पीकरच्या पेट्या तयार करतो.

संगीताच्या जायज-नाजायजचा प्रश्न या पानाचा नाही. त्याबाबत ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही येथे फक्त व्यवहाराचे बोलणार आहोत. कारण चुकीचा ॲम्प्लिफायर घेऊन एका हंगामाची कमाई घालवणारे आपल्याच आसपास दिसतात.

पूर्वी ब्रास बँडमध्ये खर्जाचे काम युफोनियम आणि ढोल करीत. पुढे पथकाच्या गाडीवर कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला आणि मोठ्या ऑर्केस्ट्रात बेस गिटारही आली. बेस गिटार हे विजेवर अवलंबून असलेले वाद्य आहे. ॲम्प्लिफायर नसेल तर चार हातांवरच्या माणसालाही ते नीट ऐकू जात नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत फेंडर कंपनीने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली आणि लगेच १९५२ मध्ये तिच्यासाठी 'बासमन' हा स्वतंत्र ॲम्प्लिफायर काढला. साध्या गिटारचा ॲम्प्लिफायर या वाद्याला पुरत नाही, हे तेव्हाच लक्षात आले होते. आपल्याकडे मात्र आजही 'ॲम्प्लिफायर म्हणजे ॲम्प्लिफायर' असे समजून खरेदी होते.

भोंगा आणि बेस यांतला फरक

मशिदीवरचा किंवा सभेतला भोंगा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यामागे असलेला ॲम्प्लिफायर माणसाच्या आवाजासाठी बनवलेला असतो. अजान, बयान, भाषण यांत शब्द स्पष्ट ऐकू येणे महत्त्वाचे असते आणि ते काम भोंगा उत्तम करतो. पण साधारणपणे अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या खालचा आवाज भोंगा जवळजवळ देतच नाही.

बेस गिटारचे काम नेमके याच्या खाली चालते. तिच्या चार तारांचे मोकळे सूर अंदाजे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झचे असतात. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते. म्हणजे बेसची जाड तार तिच्याही एक सप्तक खाली आहे. ४१ हर्ट्झच्या आवाजाची एक लहर सव्वाआठ मीटर लांब असते. एवढी लांब लहर हवेत उठवायची तर स्पीकरच्या पडद्याला पुष्कळ हवा ढकलावी लागते. त्यासाठी मोठा पडदा, मजबूत पेटी आणि जास्त ताकद लागते. शिवाय माणसाचा कान खर्जातल्या आवाजाला कमी संवेदनशील असतो. त्यामुळे गाणाऱ्याच्या माइकला जी ताकद पुरते, ती बेसला पुरत नाही.

साध्या गिटारच्या ॲम्प्लिफायरवर बेस वाजवली तर सुरुवातीला चालते असे वाटते. आवाज वाढवला की पडदा मर्यादेबाहेर हलतो, फडफडतो आणि शेवटी कॉईल घासून स्पीकर निकामी होतो. दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेली सुपारी धरली तर हा 'स्वस्त' उपाय सर्वांत महाग पडतो.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो वॅटचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत हजार-दोन हजार वॅट छापलेले असते आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' लिहिलेले असते. या आकड्याला व्यवहारात काही अर्थ नाही. यंत्र न तापता, आवाज न फाटता सतत जेवढी ताकद देऊ शकते ती 'आरएमएस' वॅटमध्ये सांगतात. तेवढाच आकडा विचारा आणि तो किती ओहमवर मिळतो हेही विचारा. माप-तोलात कमी देणाऱ्यांचा निषेध करणारी सूरह मुतफ्फिफीन आपण जाणतो. पीएमपीओचा आकडा वॅट म्हणून गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणे हेही मापात कमी देण्यासारखेच आहे, हे विक्रेत्या बंधूंनी ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे दुप्पट वॅटने आवाज दुप्पट होत नाही. ५० वॅटचे १०० वॅट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो थोडासाच जास्त वाटतो. कानाला दुप्पट वाटावा म्हणून साधारण दहापट ताकद लागते. म्हणून ५० ऐवजी ७० वॅटचे यंत्र घेण्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात शहाणपण नाही.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विचारतच नाहीत, ती म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, हा तो आकडा. समजा एक स्पीकर ९१ डेसिबलचा आहे आणि दुसरा ९७ चा. हा ६ डेसिबलचा फरक चौपट ताकदीइतका आहे. म्हणजे ९७ च्या स्पीकरवर ५० वॅट जेवढे वाजतील, तेवढे वाजवायला ९१ च्या स्पीकरला २०० वॅट लागतील. ॲम्प्लिफायरवर पैसे उधळण्यापेक्षा चांगल्या स्पीकरवर ते घालणे कसे फायद्याचे आहे, हे यावरून कळेल.

चौथी गोष्ट अंतराची. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एक मीटरवर ११२ डेसिबल असेल तर १६ मीटरवर ८८ च उरतो. बंद मंगल कार्यालयात भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे खर्जाला आधार मिळतो. गावाबाहेरच्या पटांगणात तो आधार नसतो. खोलीत दणदणीत वाटलेले यंत्र पटांगणात मुके का होते, याचे उत्तर येथे आहे.

रियाजासाठी कोणता, कार्यक्रमासाठी कोणता?

आमच्या मते खरेदीपूर्वी आपले काम तीन भागांत वाटून पाहावे.

घरचा रियाज : यासाठी १५ ते ३० वॅट आणि ८ किंवा १० इंची स्पीकर पुरतो. त्यात हेडफोनची सोय असावी, म्हणजे रात्री शेजाऱ्यांना त्रास न देता सराव करता येतो. मोबाईल जोडण्याची सोय असली तर गाण्याबरोबर वाजवता येते. आठ इंची स्पीकर ४१ हर्ट्झचा सूर पूर्ण जोराने देत नाही. पण त्या सुरासोबत ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपसूर निघतात आणि त्यावरून कान मूळ सूर ओळखतो. म्हणून रियाजाला लहान यंत्र चालते.

तालीम आणि छोटी बैठक : ढोलक, तबला, हार्मोनियम, कीबोर्ड यांच्यासोबत घरगुती मेहफिल किंवा लहान सभागृहात वाजवायचे असेल तर ४० ते १०० वॅट आणि १० किंवा १२ इंची स्पीकर योग्य. खऱ्या ड्रमसेटच्या बाजूला उभे राहायचे असेल तर १०० च्या खाली उतरू नये.

मंडप, मैदान, वरात : येथे एकट्या बेस ॲम्प्लिफायरवर भिस्त ठेवू नये. कार्यक्रमाच्या ठिकाणी साउंड सर्व्हिसवाल्याचा मोठा संच असतोच. आपल्या ॲम्प्लिफायरमागच्या 'लाइन आउट' किंवा 'डीआय' जागेतून एक तार त्याच्या मिक्सरला द्यावी. लोकांपर्यंत आवाज पोचवण्याचे काम मोठ्या सबवूफर पेट्या करतील. आपला ॲम्प्लिफायर मंचावर आपल्याला आणि साथीदारांना ऐकू येण्यापुरता वाजेल. अशा पद्धतीने मध्यम आकाराच्या एकाच यंत्रावर तालीम आणि मोठा कार्यक्रम दोन्ही निभतात. कमी भांडवलवाल्यांना आम्ही हाच मार्ग सुचवू.

माप कळावे म्हणून एक उदाहरण देतो. फेंडरच्या 'रंबल' मालिकेत २५ वॅटला ८ इंची, ४० वॅटला १० इंची आणि १०० वॅटला १२ इंची स्पीकर आहे. पहिल्यात हेडफोनची सोय आहे, पण मिक्सरला देण्याची डीआय जागा नाही. पुढच्या दोघांत ती आहे. किमतीतला फरक मोजताना या एका जागेचा फरकही मोजावा. 'स्ट्रेंजर'सारखे भारतीय बनावटीचे वाद्य-ॲम्प्लिफायरही बाजारात आहेत. त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती जवळपास मिळू शकते, हा मोठा फायदा आहे. कोणतेही नाव असो, वरच्या कसोट्या लावूनच घ्यावे.

ज्या पथकात बेस गिटार नाही आणि खर्ज कीबोर्डच्या डाव्या हाताने वाजवला जातो, त्यांनी कीबोर्ड ॲम्प्लिफायर पाहावा. त्यात तीन-चार वाद्ये जोडण्याच्या जागा असतात आणि बारीक आवाजासाठी वेगळा छोटा स्पीकर असतो. त्यावर बेस गिटारही बेताने चालते. उलट बेस ॲम्प्लिफायरवर कीबोर्ड वाजवला तर वरचे सूर दबके येतात.

बेस गिटार थेट साध्या मिक्सरच्या लाइन जागेत खुपसली तर आवाज बोथट आणि कमी येतो, कारण गिटारच्या पिकअपला त्या जागेचा भार पेलत नाही. त्यासाठी 'डीआय बॉक्स' ही लहानशी पेटी मध्ये जोडावी. ज्यांच्याकडे ॲम्प्लिफायर घेण्यापुरते पैसे आज नाहीत, त्यांनी डीआय बॉक्स घेऊन साउंड सर्व्हिसच्या संचावर काम चालवावे आणि रियाजासाठी छोटे यंत्र घ्यावे.

ओहम आणि वायर

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत जळालेल्या ॲम्प्लिफायरच्या तक्रारी पुष्कळ असतात आणि त्यांचे मूळ बहुधा जोडणीत निघते. यंत्रामागे 'किमान ४ ओहम' लिहिले असेल तर त्याखाली भार जाऊ देऊ नये. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम होतात, तेथपर्यंत ठीक. तिसरी पेटी जोडली की भार पावणेतीन ओहमच्या खाली येतो. यंत्र तापते आणि ट्रान्झिस्टर जातात. 'आणखी एक पेटी लाव' असा आग्रह गिऱ्हाइकाने कितीही धरला तरी येथे नाही म्हणावे.

वायरीही दोन प्रकारच्या असतात. गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाळीदार आवरणाची वायर लागते, नाहीतर गुणगुण येते. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाड, साधी दोन तारांची वायर लागते. दोन्हींची पिन सारखी दिसते म्हणून गिटारची वायर स्पीकरला लावू नये. ती तापते आणि यंत्रालाही धोका होतो.

वीज, जनरेटर आणि जिवाचा प्रश्न

खेड्यात कार्यक्रमाच्या ऐन वेळी वीज जाणे नवीन नाही. जनरेटर सुरू करताना आणि बंद करताना दाब वर-खाली होतो. म्हणून आधी जनरेटर सुरू करावा, तो स्थिर झाल्यावर मिक्सर आणि सर्वांत शेवटी ॲम्प्लिफायर चालू करावा. बंद करताना उलट क्रम ठेवावा. जुन्या पद्धतीचे जड यंत्र जेवढी वीज ओढते, त्यातली बरीचशी उष्णतेत जाते. नवे 'क्लास डी' पद्धतीचे यंत्र हलके असते आणि वीज कमी खाते. जनरेटरच्या डिझेलचा आणि टेम्पोतल्या ओझ्याचा हिशेब करणाऱ्याने याचा विचार करावा. मात्र ते बिघडल्यास गावातल्या मेकॅनिकला लगेच जमेलच असे नाही. जड यंत्र दुरुस्तीला सोपे असते.

आखातात नोकरी करणारे भाऊबंद येताना असे सामान आणतात. घेण्यापूर्वी यंत्रामागची पट्टी वाचायला सांगावे. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज आहे. अमिरातीतले यंत्र बहुधा येथे चालते. सौदी अरेबियात पूर्वी १२७ व्होल्टचाही पुरवठा होता. अमेरिका आणि जपानमधले सामान १२० आणि १०० व्होल्टचे असते. ते येथे थेट जोडले तर क्षणात जळते.

आता सर्वांत महत्त्वाचे. गुणगुण थांबावी म्हणून प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन काढून टाकण्याची सवय या धंद्यात आहे. ती जीवघेणी आहे. वाजवणाऱ्याच्या हातात धातूच्या तारा असतात आणि ओठाजवळ धातूचा माइक असतो. दोन यंत्रांपैकी एकात वीज उतरली तर ती त्याच्या शरीरातून जाते. ओल्या जमिनीवर किंवा पावसाळी मंडपात धोका आणखी वाढतो. मंचावरची सर्व यंत्रे अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवरून चालवावीत. त्या बोर्डला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावून घ्यावा. गळती होताच तो वीज तोडतो. गुणगुण घालवायची असेल तर वायर बदलावी किंवा डीआय बॉक्सवरचा 'ग्राउंड लिफ्ट' खटका वापरावा. पिन काढू नये.

जुना माल घेताना

सोलापूर आणि लातूर जवळ आहेत. पुण्याची तपकीर गल्ली, हैदराबादच्या कोठीतली गुजराती गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथेही आपले व्यापारी जात-येत असतात. नव्या मालाबरोबर जुना मालही पाहावा. पण पुढील तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपली बेस आणि आपली वायर सोबत न्यावी. जाड तार मोकळी वाजवून आवाज निम्म्यापर्यंत चढवावा. पेटी खडखडली तर खिळे सैल आहेत, हे दुरुस्त होते. पडदा फडफडला किंवा फाटका आवाज आला तर स्पीकर गेला आहे. यंत्र बंद करून दोन्ही हातांची बोटे पडद्यावर ठेवून तो हलकेच आत दाबावा. खरखर लागली तर कॉईल घासते आहे. बटणे फिरवताना खरखर आली तर ती बहुधा धुळीची असते, साफ करता येते. साधे मल्टिमीटर स्पीकरला लावले तर ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सात आणि ४ ओहमचा तीन ते साडेतीनच्या आसपास दाखवतो. आकडा याहून फार वेगळा आला तर कोणीतरी भलताच स्पीकर बसवला आहे. फ्यूज काढून पाहावा. त्याच्या जागी तार गुंडाळलेली असेल तर तो सौदा सोडून द्यावा. शेवटी यंत्र अर्धा तास चालवून हात लावून पाहावे आणि वास घ्यावा.

विकणाऱ्यानेही दोष लपवू नये. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या आणि दोष झाकणाऱ्या व्यापाऱ्याला खडसावणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण अनुयायी आहोत. 'स्पीकर बदललेला आहे' एवढे एक वाक्य सांगितल्याने चार पैसे कमी मिळतील, पण पुढचे दहा गिऱ्हाईक येतील.

घ्यावा की भाड्याने आणावा?

हिशेबासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा यंत्र, वायर, कव्हर मिळून ३०,००० रुपये लागले. वर्षाला ४० सुपाऱ्या मिळतात आणि यंत्र पाच वर्षे टिकते. म्हणजे २०० सुपाऱ्या झाल्या आणि प्रत्येक सुपारीवर १५० रुपयांचा भार आला. दुरुस्ती धरून तो २०० समजू. असेच यंत्र एका रात्रीला ५०० रुपये भाड्याने मिळत असेल तर विकत घेणे फायद्याचे. पण वर्षाला दहाच सुपाऱ्या असतील तर पाच वर्षांत ५० होतात आणि खरेदीचा भार दुरुस्तीशिवायच सुपारीमागे ६०० रुपयांवर जातो. तेव्हा भाड्यानेच आणावे. आकडे आपापले घालावेत, रीत हीच ठेवावी.

भांडवलासाठी व्याजाच्या फेऱ्यात सापडू नये. दोन-तीन पथकांनी मिळून एक यंत्र भागीदारीत घेता येते. एकाच तारखेला दोन सुपाऱ्या आल्या तर कोणाचा हक्क आधी, दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा आणि वेगळे व्हायचे झाले तर किंमत कशी ठरवायची, या तीन गोष्टी आधी लिहून काढाव्यात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहमध्ये आहे. आपल्याकडे मात्र 'घरचाच माणूस आहे' म्हणून लिहीत नाहीत आणि पुढे घरच तुटते. भावकीतला सौदा तर आधी लिहावा. दुकानदाराकडून हप्त्याने घेताना एकूण किंमत सुरुवातीलाच ठरवावी. हप्ता लांबला तर रक्कम वाढेल अशी अट मान्य करण्यापूर्वी जाणकार आलिमांचा सल्ला घ्यावा.

पक्के बिल अवश्य घ्यावे. हमीच्या काळात यंत्र बिघडले तर बिलाशिवाय दाद लागत नाही. पोलिसांनी वाटेत सामान अडवले तरी बिल कामी येते.

कायदा आणि शेजारधर्म

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपक लावण्यास लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर तो वाजवता येत नाही. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून वर जाता कामा नये. सामान जप्त झाले तर यजमान बाजूला होतो आणि नुकसान पथकाचे होते. म्हणून परवानगी कोणी काढायची आणि किती वाजता थांबायचे, हे सुपारी घेतानाच चिठ्ठीवर लिहून सही घ्यावी.

खर्जाचा आवाज भिंती ओलांडून जातो. वरचे सूर दार लावले की कमी होतात, पण बेस शेजारच्या घरातल्या भांड्यांपर्यंत पोचते. तेथे आजारी माणूस असेल, परीक्षेचा विद्यार्थी असेल, तान्हे मूल असेल. मशीद, मंदिर आणि दवाखान्यासमोरून जाताना आवाज बंद ठेवणारे पथक सर्वांनाच हवेसे वाटते, आणि ज्या गावात भांडण झाले नाही त्या गावातून पुढच्या वर्षीही बोलावणे येते.

वाजवणाऱ्याने स्वतःच्या कानांचीही काळजी घ्यावी. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तासांपेक्षा जास्त राहू नये आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. वरातीत तीन-तीन तास पेटीला पाठ लावून उभे राहणाऱ्या पोरांना कानात घालायची बोळी घेऊन द्यावीत. गेलेले कान परत येत नाहीत.

मेकॅनिक आणि सुतार बंधूंसाठी

या धंद्यात कारागिरांना वाव आहे. खर्जाची पेटी १८ मिलिमीटर प्लायवूडची, आतून आडवे आधार दिलेली आणि सांधे हवाबंद असलेली हवी. पेटीचे लिटरमधले आकारमान आणि भोकाची लांबी-रुंदी अंदाजाने ठरवू नये. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत यासाठीचे गणित मांडले आणि चांगल्या स्पीकरसोबत त्यांच्या नावाचे आकडे कागदावर छापून येतात. ते आकडे संगणकावर घातले की पेटीचे माप मिळते. आपल्या पोरांपैकी जो दहावी-बारावी शिकला आहे, त्याला हे काम शिकवावे. मापाने बनवलेली पेटी आणि डोळ्यांच्या अंदाजाने ठोकलेली पेटी यांच्या आवाजातला फरक गिऱ्हाइकाला लगेच कळतो आणि त्याचे तो जास्तीचे पैसेही देतो.

मेकॅनिक बंधूंनी दुरुस्तीनंतर यंत्रावर तारीख, बदललेला भाग आणि स्पीकरचे ओहम लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. यात खर्च काही नाही, पण पुढच्या वेळी गिऱ्हाईक त्याच दुकानाचा पत्ता विचारत येते.

थोडक्यात

१) आरएमएस वॅट, ओहम आणि स्पीकरची संवेदनशीलता हे तीन आकडे विचारल्याशिवाय भाव करू नये.

२) रियाजाला १५ ते ३० वॅट, तालमीला ४० ते १००, मैदानात मोठ्या संचाची साथ.

३) लाइन आउट किंवा डीआय नसलेले यंत्र कार्यक्रमासाठी घेऊ नये.

४) किमान ओहमच्या खाली पेट्या जोडू नयेत. अर्थिंगची पिन काढू नये.

५) जुना माल आपल्या वाद्यावर अर्धा तास वाजवून घ्यावा.

६) वर्षातल्या सुपाऱ्या मोजून मगच घ्यायचे की भाड्याने आणायचे ते ठरवावे.

७) परवानगीची आणि थांबण्याच्या वेळेची नोंद सुपारीच्या चिठ्ठीवर करावी.

लग्नसराई तोंडावर आली की दुकानदाराचा भाव चढतो आणि गिऱ्हाइकाला तपासायला वेळ नसतो. म्हणून ही खरेदी पावसाळ्यात, धंदा थंड असताना करावी. पैसे घासाघीस करून वाचतील, तपासणीला सवड मिळेल आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी यंत्राची ओळखही होईल. रोजी देणारा अल्लाह आहे. मात्र हिशेब ठेवणे आणि डोळे उघडे ठेवून सौदा करणे ही आपली जबाबदारी आहे.